गायरान, सडा, माळ आणि देवराई : सातारा-सांगलीतल्या मोकळ्या रानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ग्रामसभेत येतात, एसटीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, आणि सप्टेंबर लागला की फोनवर रोज येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. गावकऱ्यांचे प्रश्न आधी आहेत, फिरायला येणाऱ्यांचे नंतर. पण दोघांनी एकमेकांचा भागही वाचावा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मोकळी जमीन म्हणजे पडीकच ना? तिच्यात वाचवण्यासारखं काय असतं?

सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलं की जमीन निकामी, असा समज पक्का बसलाय. सरकारी नकाशांतसुद्धा गवताळ माळ पडीक जमिनीच्या रंगात रंगवलेले असतात. प्रत्यक्षात काय आहे ते बघा. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतकडे कुसळी-मारवेलचे माळ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माण-खटावात जेमतेम पाचशे. एका जिल्ह्यात एवढी तफावत असली की रानंही तेवढीच वेगळी होतात.

सड्यावरचं पाणी जांभ्यातून झिरपत खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना येतं. माळाच्या गवतावर खिलार जनावरं आणि माडग्याळ मेंढ्या पिढ्यानपिढ्या पोसल्या गेल्या. त्याच गवतात टिटवी, चंडोल, धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि लांडगा तिथेच पिल्लं वाढवतो. झाड नाही म्हणजे काहीच नाही, हे शाळेत आपल्याला कुणी शिकवलं नसेलही, पण आपण सगळे तेच शिकलोय.

आमचं म्हणणं थोडक्यात असं : रान कुलूप लावून टिकत नाही, आणि मोकाट सोडूनही टिकत नाही. ज्यांचा त्याच्यावर रोजचा वावर आहे त्यांनीच वापराचा नियम ठरवला आणि पाळला, तर ते टिकतं. खालची बहुतेक उत्तरं याच अंगाने जातात.

गायरान गावाच्या मालकीचं असतं ना?

मालकी सरकारची, व्यवस्था ग्रामपंचायतीची. हा फरक न कळल्यामुळे बरेच घोळ होतात. पंचायतीने ठराव करून गायरान कुणाला देऊन टाकलं, तर तो ठराव टिकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये गुरचरणासाठी राखलेली जमीन दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधन आहे.

गावात गायरान नेमकं किती, हे ठाऊक नसलेले सरपंच भरपूर आहेत. तलाठ्याकडे गाव नमुना १-ब मागा. त्यात बिनभोगवट्याच्या, म्हणजे कुणाला न दिलेल्या, सरकारी जमिनींची नोंद असते. १-अ मध्ये वनजमिनी आणि १-इ मध्ये अतिक्रमणं. तिन्ही नमुने आणि गावाचा नकाशा एकत्र ठेवले की गावाला पहिल्यांदा समजतं आपल्याकडे काय आहे आणि कुठे गेलं.

अतिक्रमण झालंय. आता काय?

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. बांधकाम जुनं आहे, खर्च मोठा झालाय, वरपर्यंत ओळख आहे, यातलं कुठलंच कारण चालणार नाही असं निकालात स्पष्ट आहे. भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेले पट्टे, आणि आधीच उभी असलेली शाळा-दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय, एवढेच अपवाद.

क्रम असा ठेवा. आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, मग ग्रामसभेचा ठराव, मग तहसीलदारांकडे अर्ज. मोजणीशिवाय भांडायला गेलात तर हद्द कुठे यावरच वर्ष निघून जातं. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती कुणी बोलत नाही : मोहीम निघाली की पहिल्यांदा पारध्याचं किंवा कैकाड्याचं पालच दिसतं, रस्त्याकडेचा बागायतदाराचा गोठा आणि धाब्याची भिंत दिसत नाही. असली मोहीम आम्ही चालवत नाही.

कायद्याने पक्कं संरक्षण मिळवायचे मार्ग कोणते?

जमीन कुणाची, यावर मार्ग ठरतो. एकाच अर्जाने सगळं होईल अशी जादू नाही.

सरकारी जमीन असेल, आणि विशेषतः ती अभयारण्याला लागून किंवा दोन जंगलांना जोडणारी असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-अ खाली संवर्धन राखीव होऊ शकतं. स्थानिक लोकांशी सल्लामसलत केल्याशिवाय ते जाहीर करता येत नाही. सातारा जिल्ह्यात जोर-जांभळी आणि मायणी ही याची उदाहरणं. मायणीचा तलाव तर जुन्या माणसांना रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांमुळे ठाऊक आहे.

जमीन खाजगी किंवा समाजाच्या मालकीची असेल आणि मालक स्वखुशीने तयार असतील, तर कलम ३६-क खाली सामुदायिक राखीव. मालकी मालकाचीच राहते. पण एकदा जाहीर झालं की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. सही करण्याआधी घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना, सासरी गेलेल्या बहिणींनाही, हे वाक्य दोनदा वाचून दाखवा. नंतर कोर्टात वाचण्यापेक्षा ते बरं.

राखीव वनाच्या कडेची गावं असतील तर संयुक्त वन व्यवस्थापन समिती. कासला हाच मार्ग घेतला गेला. गाव पिढ्यानपिढ्या वनावर अवलंबून असेल तर वनहक्क कायदा, २००६ चा सामूहिक वनहक्क हा सगळ्यांत भक्कम. त्यात वन राखण्याचा आणि त्याची व्यवस्था लावण्याचा हक्क ग्रामसभेकडे येतो. आदिवासी नसलेल्या गावांना मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. दावा ग्रामसभेतूनच सुरू होतो, मग उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती.

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ हाही पर्याय आहे. देवराया आणि सड्यांसाठी तो चांगला बसतो, पण त्याला कागद भरपूर लागतात.

जैवविविधता समिती आमच्याकडे आहे म्हणतात. ती करते काय?

बहुतेक गावांत ती कागदावर आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी समिती असावी आणि तिच्यात महिलाही असाव्यात, असा नियम आहे. तिचं मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. ती नोंदवही पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराने आठवड्यात भरून दिलीय, आणि कराडच्या गावच्या वहीत जतची झाडं सापडतात. ती पुन्हा लिहा. मेंढपाळ, वैदू, सुईण, रानभाज्या आणणाऱ्या बाया यांना बसवून लिहा. पुढे रस्ता, खाण, पवनचक्की काहीही आलं तर गावाच्या हातात दाखवायला हीच वही असते.

माझी डोंगरात दहा एकर पड आहे. मुलं पुण्याला. ती जमीन कायम अशीच राहावी असं वाटतं. काही सोय आहे?

नवीन महाबळेश्वर या सरकारी गिरिस्थान प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून हा प्रश्न जावळी-पाटणकडून फार येतो, आणि एजंटांच्या गाड्याही त्याच रस्त्याने येतात.

परदेशात मालक आपला बांधकामाचा हक्क कायमचा सोडून देतो आणि ती अट जमिनीबरोबर पुढच्या मालकालाही चिकटते. तसा सोपा, तयार करार आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडे करता येण्यासारखं दोन-तीन प्रकारचं आहे. सामुदायिक राखीव वर सांगितलंच. दुसरं, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाला जमीन देणं. न्यासाची स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे त्यातलं खरं कुलूप. पण शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे, म्हणजे न्यासाकडेही, जाताना कुळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते. ती आधी घ्या. बक्षीसपत्र आधी आणि परवानगी मागून, असं केलेल्यांना फेऱ्या मारताना आम्ही बघितलंय. विश्वस्त कोण आहेत तेही पारखून घ्या. आज पर्यावरण म्हणणारा न्यास उद्या रिसॉर्टचा भागीदार निघू शकतो.

तिसरं अगदी साधं : न विकणं, आणि शेजारच्या चार-पाच खातेदारांनाही त्यासाठी राजी करणं. एकटी दहा एकर चारी बाजूंच्या प्लॉटिंगमध्ये फार दिवस रान राहत नाही.

इको-सेन्सिटिव्ह झालं की शेती बंद, घराला वीटही लावता येणार नाही, हे खरं का?

नाही. पश्चिम घाटाच्या मसुदा अधिसूचनेत, जी ३१ जुलै २०२४ ला सहाव्यांदा निघाली, बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, लाल श्रेणीतले (सर्वांत जास्त प्रदूषण करणारे) उद्योग आणि २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर. भात, नाचणी, म्हैस, राहतं घर यांवर नाही. शिराळ्याच्या डोंगरातल्या शेतकऱ्याला वीस हजार चौरस मीटरचं घर बांधायचं असेल तर मात्र अडचण आहे.

तरी गावाचा राग समजून घेण्यासारखा आहे. कोयना आणि चांदोलीत आधी धरणाने उठवलं, मग अभयारण्याने. लोकांना न विचारता नकाशावर रेघ ओढली की त्या रेघेच्या आतलं सगळंच दुश्मनाचं वाटायला लागतं. म्हणून मसुदा मराठीत ग्रामसभेत वाचायचा. हरकती त्यानंतर.

कुंपण घालावं का? चराईबंदी करावी का?

याला कासएवढं चांगलं उत्तर दुसरं नाही, म्हणून जरा सविस्तर.

कास पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर, उंची बाराशे मीटरच्या आसपास. साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पतींची नोंद असलेलं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्याच यादीत कोयना आणि चांदोलीही आहेत. यादीत गेलं आणि गर्दी लोटली. फुलांवर लोळून फोटो, पठारावर गाड्या, वेफर्सची पाकिटं. मग रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं, कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या समित्यांतली पोरं शिट्टी घेऊन उभी राहिली. हे सगळं योग्यच झालं. त्याबरोबर लोखंडी कुंपणही आलं.

कुंपणाने माणसं थांबली, आणि जनावरंही. पठारावर मातीचा थर किती असतो ते एकदा बोटाने बघा : कुठे दोन बोटं, कुठे नुसता दगड. असल्या जागी तग धरणारी फुलझाडं वीतभरही वाढत नाहीत. गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू यांना अंगावर ऊन लागतं. गुरं चरून गवत खुरटं ठेवत होती, शेणखत पडत होतं, खुरांनी माती थोडी उकरली जात होती. गुरं थांबली तसं उंच गवत माजलं आणि खालची फुलं झाकोळली, अशी तक्रार गावातली जुनी माणसं पहिल्या काही हंगामांतच करायला लागली. पुढे कुंपण काढलं गेलं. आमच्या मते गवत वाढण्यामागे एकटं कुंपण नसेल, पाऊसमानही बदललंय. पण जनावर म्हणजे पठाराचा शत्रू हे गृहीत धरणं चूक होतं.

याचा अर्थ मोकाट चराई असाही नाही. माळावर गवत फुलोऱ्यात येऊन बी पडेपर्यंत जनावर आत जाऊ नये. साधारण दसरा-दिवाळीपर्यंत राखा, मग कापणी करा, मग चराई. रान तीन-चार तुकड्यांत वाटा आणि दरवर्षी एक तुकडा पूर्ण विसाव्याला ठेवा. दंड पंचायतीने ठरवायचा, वसूल भावकी न बघता करायचा. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ ला कोरेगाव तालुक्यातलं वेळू आणि २०१८ ला माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं. श्रमदानाचे फोटो सगळ्यांनी बघितले. पण खोदलेले चर पुढेही टिकायचे तर वर गवत हवं, नाहीतर दोन पावसाळ्यांत गाळ भरतो. ते गवत राखणं हे रोजचं, कंटाळवाणं काम आहे आणि त्याला बक्षीस नसतं.

फिरस्त्या मेंढपाळांना मात्र या नियमात जागा ठेवा. दिवाळीनंतर येणारा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, दरवर्षी त्याच वाटेने येतो. त्याला न विचारता केलेली चराईबंदी म्हणजे भांडणाला आमंत्रण, आणि रात्रीत गवत पेटायला कारण.

दरवर्षी हजार झाडं लावतो, जगत नाहीत. काय चुकतं?

बहुतेक वेळा जागा चुकते. माळावर आणि सड्यावर झाडं लावू नका. तिथे निसर्गाने गवत आणि फुलं ठेवलीत. जांभ्यात खड्डा मारून ग्लिरिसिडिया किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तर एक तर ती मरते, नाहीतर जगते आणि खालचं सगळं मारते. दुसरी शक्यता वाईट. ओढ्याचे काठ, शेताचे बांध, तुटलेल्या देवराईची कड, गावठाण, रस्ते इथे लावा. आंबा, जांभूळ, करंज, उंबर, हिरडा, पूर्वेला बोर, हिवर, लिंब.

पण सागरेश्वर तर लावलेल्या झाडांतूनच उभं राहिलं ना?

बरोबर, आणि ते मोठं काम आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवर, देवराष्ट्रेजवळ, जवळपास अकरा चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. मोहित्यांच्या वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी उघड्या पडलेल्या डोंगरांवर वन उभं करण्याचा ध्यास घेतला. वनखातं सोबत आलं, झाडं वाढली, चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले, आणि १९८५ ला अभयारण्य जाहीर झालं. तोडून उजाड झालेला डोंगर पुन्हा झाकणं वेगळं आणि मुळातच गवताळ असलेला माळ झाडांनी भरणं वेगळं.

सागरेश्वरची पुढची गोष्टही सांगायला हवी. छोट्या, चहूबाजूंनी शेतीने वेढलेल्या रानात हरणं वाढली की उन्हाळ्यात चारा-पाण्यासाठी ती उसात उतरतात. शेतकऱ्याचं नुकसान झालं तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा मागा, फोटो काढा. भरपाईची तरतूद आहे, पण उशिरा आलेला अर्ज फेटाळायला सोपा जातो.

वणवा लावला की गवत चांगलं येतं, असं आजोबा सांगायचे. खोटं का?

जळाल्यावर कोंब हिरवेगार दिसतात, त्यात आजोबा खोटं बोलत नव्हते. पण मार्चमध्ये यवतेश्वरचा किंवा जरंडेश्वरचा उतार पेटला की वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत तो उघडा राहतो. राख आणि तिच्याखालची माती दोन्ही ओढ्यात जातात. जमिनीवरची अंडी, सरडे, झाडांची रोपटी यांचा तर हिशेबच नाही. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर शेवटी फक्त आगीला दाद न देणारं भरड गवत उरतं, जे जनावर तोंडातही धरत नाही. राखीव वनात आग लावणं भारतीय वन कायदा, १९२७ खाली गुन्हा आहे, ते वेगळंच.

उपाय जुनाच आहे : जाळरेषा. गवत पिवळं पडायला लागलं की रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेने दोन-तीन माणसांच्या रुंदीचा पट्टा कापून काढायचा. कापलेलं गवत पट्ट्याच्या मधोमध ओढायचं, आणि होळीच्या बरंच आधी, वारा पडलेल्या संध्याकाळी, वनरक्षकाला सांगून ते जाळायचं. दोन्ही कडांना माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात निरगुडीची नाहीतर करवंदीची ओली फांदी. ज्वाला कडेला सरकली की फांदीने मारायची, झाडायची नाही. झाडली तर ठिणग्या पलीकडे उडतात. पाण्याचे दोन हंडे जवळ. शेवटचा धूर विझेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. वणवा दिसला तर वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

देवराईत देवळाचा जीर्णोद्धार करायचाय. हरकत आहे का?

देवळाला नाही. पण जीर्णोद्धाराच्या नावाखाली आधी ट्रॅक्टरसाठी रस्ता, मग सभामंडप, मग पेव्हर ब्लॉक, मग भंडाऱ्यासाठी शेड, असं करत पाटण-जावळीतल्या कितीतरी राया गेल्या. वाळली काटकीही उचलायची नाही असा जिथे नियम होता, तिथे आता फरशी पुसतात. देव उघड्यावर बसला तर कोपतो असं कुणी ऐकलंय का? आहे त्या जोत्यावरच बांधा, सामान डोक्यावरून न्या, मांडव दरवर्षी घाला आणि काढा. त्याआधी जमीन वनखात्याची, महसुलाची की देवस्थान इनाम, ते बघून घ्या.

कासला कधी यावं?

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. नेमकी तारीख विचारू नका, ती पाऊस ठरवतो. शनिवार-रविवार टाळा. हंगामात बुकिंग करूनच निघा. शुल्क आणि वेळा दरवर्षी थोड्या बदलतात. सकाळी लवकर धुकं असतं आणि फुलं नीट उमललेली नसतात, त्यामुळे नऊ-दहानंतरची वेळ बरी. टोपली कारवीचा जांभळा डोंगर बघायचा असेल तर ती सात वर्षांनी फुलते, हे आधी समजून घ्या आणि मगच गाइडशी वाद घाला.

गालिचा दिसला नाही म्हणून पैसे परत मागणारे दरवर्षी भेटतात. त्यांनी खाली बसावं. डबक्याच्या कडेला वायतुरा शोधावा : पाण्यातून वर आलेला, दोन फाट्यांचा फिका जांभळट तुरा. साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारी ही वनस्पती जगात फक्त इकडच्या सड्यांवर सापडते. शेजारच्या ओलसर मातीत निळीजांभळी सीतेची आसवे असतात. दिसायला नाजूक, पण जमिनीखाली तिच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडून खातात. दवबिंदूच्या पानावर चिकटलेलं चिलट पोरांना भिंगातून दाखवा, ती तासभर हलत नाहीत.

कास सोडून कुठे जावं?

मायणीला हिवाळ्यात पक्षी. सागरेश्वरला सकाळी, मग पायथ्याची जुनी शिवमंदिरं. मिरजेकडून दंडोबाचा डोंगर, अर्ध्या दिवसाचं काम. चांदोलीला मणदूरकडून प्रवेश आहे. पावसाळ्यात बंद. वासोटा किल्ल्याला बामणोलीहून शिवसागर जलाशय ओलांडून लाँचने जायचं, वनविभागाची परवानगी घेऊन. मुक्काम करता येत नाही, आणि प्लास्टिकची झडती होते. ही सगळी कोयना-चांदोलीची बाजू सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, तेव्हा वाट सोडून शॉर्टकट शोधू नका.

लहान सड्यांची नावं आम्ही मुद्दाम देत नाही. एक रील पुरते.

ड्रोन, स्पीकर, शेकोटी, रात्रीचा तंबू?

नाही. नाही. नाही. तंबू गावात, विचारून, पैसे देऊन.

माळावर मेंढ्यांचा वाडा दिसला तर जवळ जाऊन फोटो काढता येईल का?

लांबूनच थांबा आणि हाक मारा : "पाव्हणं, येऊ का?" धनगराची कुत्री राखणीची असतात, लाडाची नव्हेत. मालकाने आवाज दिल्यावरच पुढे व्हा. कोकरांना उचलू नका, बाया-माणसांचे फोटो न विचारता काढू नका. बसायला घोंगडं टाकलं तर बसा. माळावरचा लांडगा कुठून येतो, पाणी कुठे उरतं, कुठलं गवत या वर्षी नाही आलं, हे त्या माणसाएवढं कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.

जळवा, साप, मधमाशा यांचं काय?

कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात जळवा लागतात. मीठ जवळ ठेवा, ओढून काढू नका. गवतात काठी आपटत चाला, बूट घाला. सगळ्यांत जास्त भ्या आग्या मोहोळाला. कड्याखाली आणि किल्ल्यांच्या बुरुजांवर ती असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा यांनी उठतात. उठल्या की पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही.

आम्ही पुण्या-मुंबईचे. पैसे द्यायचेत, कुठे देऊ?

आधी जेवा. गावातल्या घरी पिठलं-भाकरी खा, वाटाड्या म्हणून तिथलाच पोरगा घ्या आणि घासाघीस करू नका. सड्याखालच्या माणसाला त्या सड्यामुळे चार पैसे मिळाले की एजंटाला नाही म्हणणं त्याला सोपं जातं. त्यापुढे द्यायचंच असेल तर मोजणीची फी, जाळरेषेची मजुरी, राखणदाराचा उन्हाळ्यातला पगार यासाठी द्या. रोपं देऊ नका. रोपं सगळेच देतात.

एखादं फूल, कंद किंवा जांभ्याचा तुकडा घरी नेला तर काय बिघडतं?

राखीव वनातून काहीही उचलणं गुन्हा आहे, आणि कुंडीत ते जगतही नाही. दीपकाडीचा किंवा आमरीचा कंद उपटून नेणाऱ्यांना समितीच्या पोरांनी पार्किंगमध्ये पिशवी रिकामी करायला लावलीय, घरच्यांसमोर. भिंग विकत मिळतं, ते आणा.